केसगळतीवर लावायची औषधे एकत्र वापरताना या चुका टाळा

मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचे द्रावण लावायला सुरुवात केल्यावर काही दिवसांतच अनेकांना केसांच्या मुळाशी पांढरा भुगा दिसू लागतो. तो कोंडा समजून सॅलिसिलिक आम्लाचा शॅम्पू आणला जातो. त्याने त्वचा कोरडी पडते, म्हणून वर तेल चोळले जाते, तेलाच्या थरावर पुन्हा मिनॉक्सिडिल लावले जाते आणि गुण येत नाही असे वाटून आणखी एखाद्या सीरमची भर पडते. दोन महिन्यांनी डोके लाल होऊन चुरचुरू लागते, तेव्हा यातले नेमके काय बाधले हे त्या माणसालाही सांगता येत नाही आणि त्याच्या डॉक्टरांनाही. मुळातला भुगा बहुतेकदा कोंडा नसतोच. द्रावणातील अल्कोहोल उडून गेल्यावर मागे उरलेले ते औषधाचेच कण असतात. ड्रॉपर जिथे टेकतो त्या भांगाच्या रेषेवर ते अधिक दिसतात, बोटाला कोरड्या पिठासारखे लागतात आणि साध्या शॅम्पूने निघून जातात.

औषधे एकत्र वापरण्यात मुळात काही गैर नाही. मिनॉक्सिडिल केसाच्या वाढीचा काळ लांबवते, फिनास्टेराइड केशमूळ बारीक करणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाची निर्मिती कमी करते, तर केटोकोनॅझोल टाळूवरील बुरशी आणि तिच्यामुळे येणारा दाह आटोक्यात ठेवते. तिघांची कामे वेगळी असल्यामुळे त्यांची जोडी जमवण्याला अर्थ आहे. मात्र ती सगळी एकाच त्वचेवर पडतात आणि एकाने त्वचेत केलेला बदल दुसऱ्याचा परिणाम बदलतो, हे विसरले की घोटाळा सुरू होतो.

सगळे एकाच दिवशी सुरू करणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढल्यासारखी वाटते. विश्रांतीच्या अवस्थेतील जुने केस नव्या केसांना जागा देत लवकर गळतात, म्हणून असे होते, आणि ते औषध बाधल्याचे लक्षण नव्हे. पण चौथ्या आठवड्यात कोणी दुसरे औषध जोडले आणि पाचव्या आठवड्यात कंगव्यात केसांचा पुंजका आला, तर दोष हमखास त्या नव्या औषधाला दिला जातो आणि कदाचित उपयोगी पडणारी गोष्ट बंद केली जाते.

म्हणून एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे. ते त्वचेला सोसते की नाही हे कळायला किमान महिनाभर लागतो, तर गुण येतो की नाही हे ठरवायला चार ते सहा महिने द्यावे लागतात. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात, भांग त्याच रेषेवर पाडून आणि केस पूर्ण कोरडे असताना फोटो काढून ठेवावा. ओल्या केसांत टाळू नेहमीच अधिक दिसते आणि त्या एका फोटोवरून विनाकारण धीर सुटतो.

क्रम आणि वेळ

मिनॉक्सिडिल केसांना नव्हे, त्वचेला लागायला हवे. द्रावणाची नेहमीची मात्रा एका वेळी १ मिलि असते. ती ओंजळीत घेऊन केसांवर फिरवली तर बरीचशी केसांतच राहते. त्याऐवजी ओळीओळीने भांग पाडत थेट त्वचेवर थेंब सोडावेत, बोटाने हलके पसरावेत आणि हात धुवावेत. त्यानंतर चार तास डोके धुऊ नये. रात्री लावायचे असेल तर झोपण्याच्या दोन तास आधी लावावे, नाहीतर ते उशीला आणि उशीवरून चेहऱ्याला लागते. स्त्रियांच्या गालावर किंवा कपाळावर नको तेथे लव येण्याचे हे एक साधे कारण असते.

केटोकोनॅझोलचा २ टक्क्यांचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा वापरला जातो. तो तीन ते पाच मिनिटे फेस करून ठेवावा, धुऊन टाकावा, डोके पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि मग मिनॉक्सिडिल लावावे. ओलसर त्वचेवर लावल्यास चुरचुर वाढते. तेलाची सवय मोडवत नसेल तर ते केस धुण्याच्या आधीच्या तासाभरासाठी ठेवावे. तेलाच्या थरावर औषध लावल्यास ते त्वचेपर्यंत नीट पोहोचत नाही. सीरमसाठी दिवसातली दुसरी वेळ ठरवावी किंवा निदान पहिले औषध पूर्ण वाळू द्यावे.

दोन बाटल्या घरी एकत्र ओतण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा. मिनॉक्सिडिल पाण्यात फारसे विरघळत नाही. ते अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल यांच्या ठरावीक मिश्रणात विरघळवून ठेवलेले असते. त्यात पाणीदार सीरम ओतले की औषधाचे स्फटिक तळाशी बसू शकतात. मग वरच्या थेंबात औषध कमी, तळाच्या थेंबात जास्त, आणि आपण रोज किती लावतो याचा काही हिशेबच उरत नाही. याउलट मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड एकत्र असलेली तयार बाटली सुरू केल्यावर मिनॉक्सिडिलची जुनी बाटलीही चालू ठेवणे, म्हणजे तेच औषध नकळत दुप्पट लावणे होय. म्हणून प्रत्येक बाटलीवरील घटक वाचावेत.

त्वचेचा अडसर काढून टाकणारी जोड

निरोगी त्वचेतून लावलेल्या मिनॉक्सिडिलचा सरासरी दीड टक्क्याच्या आसपासच भाग रक्तात जातो. हे औषध मुळात उच्च रक्तदाबावरची गोळी म्हणून आले. ती गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्यावरच टाळूवर लावण्याची कल्पना पुढे आली आणि १९८८ मध्ये त्याच्या २ टक्के द्रावणाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवली की ट्रेटिनॉइन (मुरुमांवर लावायचे औषध), सॅलिसिलिक आम्ल किंवा डर्मारोलर (बारीक सुयांचा, त्वचेवर फिरवायचा रोलर) यांची जोड का जपून द्यावी हे उमगते. ही सगळी साधने त्वचेचा अडसर कमी करतात आणि जास्त औषध आत जाऊ देतात.

ट्रेटिनॉइनचे समर्थन करायला एक चांगले कारणही आहे. मिनॉक्सिडिल केशमुळातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) सक्रिय होते आणि ट्रेटिनॉइन त्या विकराचे काम वाढवते. तरीही ते त्वचेला सोलवटते. म्हणून ही जोडी त्वचारोगतज्ज्ञांनी मात्रा ठरवून दिली तरच वापरावी. रोलरबाबत २०१३ च्या ज्या अभ्यासाचा दाखला सतत दिला जातो, त्यात १०० पुरुषांपैकी रोलर व मिनॉक्सिडिल या दोन्हींचा वापर केलेल्या गटाला केवळ मिनॉक्सिडिलपेक्षा स्पष्टपणे जास्त फायदा झाला होता. पण तेथे रोलर आठवड्यातून एकदाच फिरवला जात असे आणि त्यानंतर २४ तासांनीच मिनॉक्सिडिल पुन्हा लावले जात असे. दाखला देणारे हा दुसरा भाग गाळतात आणि ताज्या छिद्रांवरच द्रावण ओततात.

छातीत धडधड, चक्कर, छातीत दुखणे, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, अचानक वाढलेले वजन यांपैकी काही जाणवले तर औषध त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांना गाठावे.

‘नुसते लावायचे तर आहे’ हा गैरसमज

फिनास्टेराइड गोळीऐवजी द्रावणातून घेतले म्हणजे ते टाळूपुरतेच राहते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात लावलेल्या फिनास्टेराइडनेही रक्तातील डीएचटी कमी होते. तयार करून दिल्या जाणाऱ्या अशा द्रावणांच्या दुष्परिणामांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये इशाराही दिला आहे. लैंगिक इच्छेतील घट किंवा मनाची उदासी जाणवल्यास ती लपवू नये. गर्भवती स्त्रीने हे द्रावण हाताळू नये आणि ते लावलेल्या ओल्या टाळूलाही हात लावू नये, कारण त्याने मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. घरात मांजर असेल तर मिनॉक्सिडिलचा सांडलेला थेंबही तत्काळ पुसावा. मांजरांसाठी ते अल्प प्रमाणातही जीवघेणे ठरू शकते.

डोके लाल झाल्यावर

अशा वेळी लावून ठेवायची सगळी औषधे थांबवावीत आणि केवळ सौम्य शॅम्पू वापरावा. घरात पडलेले स्टेरॉइडचे लोशन स्वतःहून लावू नये, कारण त्याने लाली झाकली जाते पण कारण तसेच राहते. मिनॉक्सिडिल सोडल्यावर मिळालेला फायदा जायला तीन-चार महिने लागतात, त्यामुळे आठ-पंधरा दिवसांच्या खंडाने घाबरू नये. त्वचा शांत झाल्यावर एकटे मिनॉक्सिडिल परत आणावे, आणि शक्यतो फोमच्या रूपात, कारण खाजेचे कारण अनेकदा द्रावणातील प्रोपिलीन ग्लायकॉल असते आणि फोममध्ये ते नसते. फोमनेही खाज आली तर खुद्द मिनॉक्सिडिलची अॅलर्जी असू शकते, आणि ते त्वचेच्या पॅच टेस्टनेच कळते. गळती चट्ट्याचट्ट्याने होत असेल, तापानंतर दोन-तीन महिन्यांनी एकाएकी सुरू झाली असेल किंवा केस गेलेली जागा गुळगुळीत आणि चकचकीत दिसत असेल, तर कोणतीही बाटली परत आणण्याआधी निदान करून घ्यावे. फोम महिनाभर सोसला की केटोकोनॅझोलचा शॅम्पू जोडावा, आणि त्यानंतरच फिनास्टेराइडचा विचार डॉक्टरांसोबत करावा. सीरमची पाळी शेवटी येते, आणि तोवर त्याची गरज आहे की नाही हे महिन्या-महिन्याचे फोटोच सांगतात.