विम्याचे पैसे आले तरी 51,367 रुपये बाकी: ती बाकी आम्ही कशी सोलून काढली

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, शेवटची बारा अमळनेर डेपोला. वे-बिल (तिकीटविक्रीचा हिशेब) आणि पिशवीतली रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. या वेळी तीच उपयोगी पडली.

धाकटा भाऊ 8 नोव्हेंबर 2024 ला गेला. सप्टेंबर 2022 मध्ये त्याने ट्रॅक्टरसाठी एका फायनान्स कंपनीकडून साडेचार लाख उचलले होते. व्याज 14 टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता 10,470. जामीन मी. कर्ज देतानाच कंपनीने विमा (कर्जदार गेला तर कर्ज फेडणारा) गळ्यात बांधला आणि त्याचा प्रीमियमही कर्जातच धरला. तेव्हा मी कुरकुरलो होतो. तोच विमा पुढे कामी आला, पण साडेआठ महिन्यांनी. 24 जुलै 2025 ला विमा कंपनीने कर्जखात्यात 2,92,460 रुपये भरले. चार दिवसांनी वसुलीवाल्याचा फोन आला: 51,367 बाकी आहेत, भरा, नाहीतर ट्रॅक्टर ओढून नेऊ.

भावजय माझ्यासमोर फारशी बोलत नाही. त्या दिवशी दाराआडून म्हणाली, "दादा, विमाना पैसा उनात ना? मंग हाई आखो काय शे?" (विम्याचे पैसे आले ना? मग हे आणखी काय आहे?)

प्रश्न बरोबर होता. ‘हाई काय शे’ हेच कंपनीला लेखी विचारायचं. फोनवर हो-नाही काही बोलू नका. वसुलीवाला म्हणतो, "दोन हजार तरी टाका, वर सांगतो." ते टाकू नका, त्याच्या कागदावर सहीही करू नका. बाकी लेखी कबूल केली, तर दाव्याची तीन वर्षांची मुदत तिथून नव्याने सुरू होऊ शकते.

आधी तीन कागद मागा. पहिला, कर्जाच्या पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा. दुसरा, विम्याचं प्रमाणपत्र, कोणत्या महिन्यात किती संरक्षण हा तक्ता जोडलेलं. असा विमा बहुधा सामूहिक असतो. मूळ पॉलिसी फायनान्स कंपनीच्या नावावर असते आणि आपल्या हातात फक्त हे प्रमाणपत्र येतं. तिसरा कागद कोणी आपणहून देत नाही: शाखेने आपला क्लेम विमा कंपनीकडे कोणत्या तारखेला पाठवला, याचा पुरावा. आमचं सगळं या तिसऱ्या कागदावर फिरलं.

उतारा आल्यावर वही घेऊन बसलो आणि बाकीचे तुकडे केले.

मृत्यूच्या दिवशी देणं होतं 3,02,930 आणि विमा मिळाला 2,92,460. फरक बरोबर एका हप्त्याचा, 10,470. कपाशीचा पैसा अडकला म्हणून भावाचा ऑक्टोबरचा हप्ता चुकला होता. घटत्या संरक्षणाचा विमा मूळ वेळापत्रकाप्रमाणे उतरत जातो, थकलेला हप्ता तो भरत नाही. ही बाकी खरी होती आणि तिच्यावर मी भांडलो नाही. (संरक्षण शेवटपर्यंत सारखंच असेल, तर उलट होतं: कर्ज फिटून उरलेली रक्कम वारसदाराला मिळते. प्रमाणपत्र नीट वाचा.)

पुढचा तुकडा हप्ता परत गेल्याचा दंड, 590 प्रमाणे आठ वेळा, म्हणजे 4,720. माणूस गेल्याचं शाखेला लेखी कळवलेलं असताना त्याच्या खात्यावर आठ महिने हप्ता लावत राहिले! तिसरा तुकडा दंडात्मक आकार, 6,200. उरलेले 29,977 म्हणजे मृत्यूपासून विमा भरेपर्यंतच्या 258 दिवसांचं व्याज.

खरी मेहनत या 258 दिवसांवर घेतली. व्याज कोणामुळे चढलं, हे दिवसांवरून कळतं. पहिले 42 दिवस आमचे. उत्तरकार्य, मृत्यूचा दाखला, आधार-पॅनची जुळवाजुळव यात 20 डिसेंबर उजाडला. त्याचे 4,880. तिथून 3 मार्चपर्यंत 73 दिवस आमची फाइल शाखेच्या कपाटात पडून होती. फॉर्म घेतल्याची शिक्का-तारखेची पोच माझ्याकडे होती, म्हणून हे सिद्ध झालं. त्याचे 8,482. मग 22 दिवस विमा कंपनीची हॉस्पिटलच्या कागदांची मागणी आणि आमची पूर्तता, 2,556. आणि 25 मार्चपासून 24 जुलैपर्यंतचे 121 दिवस निव्वळ विमा कंपनीचे, 14,059.

मृत्यूचा क्लेम चौकशीविना असेल तर 15 दिवसांत आणि चौकशी लागली तर 45 दिवसांत निकाली काढायचा, असं विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं, 2024 चं परिपत्रक सांगतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेचा बँक रेट अधिक 2 टक्के दराने व्याज द्यावं लागतं. हे व्याज मागितल्याशिवाय मिळेल, या भरवशावर राहू नका.

म्हणून पत्रं दोन लिहिली, दोन्ही रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह, शिवाय ईमेलनेही. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राचा गाभा असा: "खाते क्रमांक अमुक. आपण मागितलेले 51,367 रुपये वादग्रस्त आहेत. दिवसांचा तक्ता सोबत आहे. 20 डिसेंबर ते 3 मार्च हा विलंब आपल्या शाखेचा आहे, त्या काळाचे व्याज व मृत्यू कळवल्यानंतरचे सर्व दंड रद्द करावेत. वाद मिटेपर्यंत वसुली थांबवावी आणि क्रेडिट कंपनीकडे (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या) थकबाकी कळवू नये. 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ." दुसरं पत्र विमा कंपनीला, 121 दिवसांच्या व्याजासाठी.

पत्रात राग ओतू नका. मी पहिल्या मसुद्यात ओतला होता. पुतण्याने दीड पान खोडलं, ते बरं झालं.

फायनान्स कंपनी किंवा बँक दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार सीएमएस या तिच्या तक्रार-पोर्टलवर होते. माहितीसाठी 14448. विमा कंपनीसाठी बीमा भरोसा पोर्टल आहे, फोन 155255. तिथेही अडलं तर विमा लोकपाल. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जा. जिल्हा ग्राहक आयोगाची वाटही आहे, मुदत दोन वर्षं. कर्ज पतसंस्थेचं असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल कामाचा नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकार खात्यात जावं लागतं. आपल्याकडे पतसंस्थांचं पीक मोठं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मधल्या काळात फोन येतातच. वसुलीवाल्याला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. मी वेळ आणि नंबर डायरीत टिपत गेलो आणि एकदा तसं त्याला ऐकवलं. सूर उतरला. वारसांना घाबरवतात, तेव्हा लक्षात ठेवा: सहकर्जदार किंवा जामीन नसलेला वारस, मिळालेल्या मालमत्तेपुरताच जबाबदार असतो. जामीनदाराची सुटका मात्र इतकी सोपी नाही, म्हणून तर मी हे सगळं केलं.

सव्वीस दिवसांनी फायनान्स कंपनीचं उत्तर आलं. दोन्ही दंड मिळून 10,920 आणि शाखेच्या काळाचे 8,482 माफ. विमा कंपनीने दुसऱ्या स्मरणपत्रानंतर 121 दिवसांचं साडेआठ टक्क्यांनी 8,241 व्याज थेट कर्जखात्यात भरलं. राहिले 23,724. यातले 5,818 विमा कंपनीच्या उशिराचेच, कारण तिने साडेआठ टक्क्यांनी दिलं आणि कर्ज चौदाने चढत होतं. ते मला अजून खुपतात. लोकपालाकडे जाता आलं असतं, पण रब्बी तोंडावर होती आणि भावजयीला ट्रॅक्टरचे कागद मोकळे हवे होते.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट लेखी घेतली: खातं ‘क्लोज्ड’ दाखवायचं, ‘सेटल्ड’ नाही. ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटवलं) शेरा पडला की पुढचं कर्ज अडतं. महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढला, त्यात थकबाकी तशीच होती. क्रेडिट कंपनीकडे तक्रार टाकली. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. आमची सतराव्या दिवशी झाली.

मग ना-हरकत पत्र आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायच्या फॉर्म 35 च्या सही-शिक्क्याच्या दोन प्रती घेऊन पुतण्या जळगावच्या आरटीओत गेला. आरसीवरून कंपनीचं नाव निघालं. ट्रॅक्टर आता भावजयीच्या नावावर करायचा आहे, त्यासाठी फॉर्म 31 भरून ठेवलाय.