सर्किट बोर्ड प्रोग्रॅम करण्यासाठी पोगो पिनांचा कनेक्टर घरी कसा बनवावा

बोर्डावर प्रोग्रॅमिंगसाठी हेडर (उभ्या पिनांची पट्टी) बसवला की तो कायमची जागा अडवतो, आणि फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, एकदा भरून झालं की त्याचा फारसा उपयोग उरत नाही. त्यापेक्षा बोर्डावर नुसते उघडे पॅड, म्हणजे तांब्याचे सपाट ठिपके, ठेवावेत आणि स्प्रिंगच्या पिनांचा, म्हणजे पोगो पिनांचा कनेक्टर कामापुरता त्यांवर दाबून धरावा. असा कनेक्टर घरी उत्तम बनतो. मात्र सुरुवात बोर्डाच्या आराखड्यापासूनच करावी लागते. पिनांचं काम फक्त टेकायचं. त्या नेमक्या जागी टेकाव्यात ही जबाबदारी बोर्डावरच्या छिद्रांची.

१. तारा ठरवा

आर्म कॉर्टेक्स-एम मायक्रोकंट्रोलरला एसडब्ल्यूडीसाठी (प्रोग्रॅम भरण्याची आणि तपासण्याची दोन तारांची पद्धत) क्लॉक, डेटा आणि ग्राउंड एवढ्यावर भागतं. त्यात बोर्डाचा व्होल्टेज आणि रीसेट जोडा. रीसेट वगळायचा मोह होतो, तो टाळाच. फर्मवेअरने डीबगच्या पिना दुसऱ्या कामाला लावल्या किंवा चिप सुरू होताच झोपी गेली, तर रीसेट दाबून धरून जोडणं हाच बहुधा मार्ग उरतो. सहावा पॅड सीरियल पोर्टच्या टीएक्सला (डेटा बाहेर पाठवणाऱ्या पिनेला) द्या.

२. बोर्डावरचा फुटप्रिंट

फुटप्रिंट म्हणजे बोर्डावरची पॅड आणि छिद्रांची मांडणी. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. २.५४ मिमी अंतराने तीन-तीन पॅडच्या दोन ओळी आखा. प्रत्येक पॅड गोल, १.५ मिमी व्यासाचा. पॅडवर सोल्डर मास्क (बोर्डाचा संरक्षक रंगीत थर) नको आणि सोल्डर पेस्ट लावायच्या स्टेन्सिलमध्येही पॅडसाठी छिद्र नको, नाहीतर तिथे सोल्डरचे उंचवटे तयार होऊन पिना घसरतात. आता तीन छिद्रं घ्या: एका टोकाला दोन, दुसऱ्या टोकाला एक. ती आतून तांब्याचा मुलामा नसलेली हवीत आणि त्यांच्या कडेपासून तांबं थोडं लांब ठेवा. या मांडणीमुळे कनेक्टर उलटा बसतच नाही. आजूबाजूला उंच भाग ठेवू नका.

३. पिना निवडा

या अंतराला पी७५ जातीच्या पिना चांगल्या. त्यांचा व्यास साधारण १ मिमी असतो आणि टोक अडीच मिमीच्या आसपास आत दबतं. सपाट पॅडसाठी अणकुचीदार टोक घ्या, कारण ते पॅडवरचा पातळ थर भेदतं. वाटीसारखं टोक बोर्डाबाहेर आलेल्या भागांच्या पायांसाठी असतं, इथे त्याचा उपयोग नाही.

४. पिना सरळ धरा

एकाच बोर्डात पिना सोल्डर केल्या तर त्या हमखास तिरक्या होतात. म्हणून एकसारखी छिद्रं असलेले दोन छोटे बोर्ड बनवून घ्या आणि साधारण १० मिमीच्या स्पेसरवर एकावर एक बसवा. पुढचा बोर्ड फक्त दिशा देतो, सोल्डरिंग मागच्यावर. डाग झटपट द्या: जास्त उष्णतेने स्प्रिंग बिघडते. तीन छिद्रांसाठी त्याच मापाच्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्या कापून बसवा. दांड्या पिनांच्या टोकांपेक्षा सुमारे १ मिमी पुढे हव्यात, म्हणजे आधी दांड्या छिद्रांत शिरतील आणि मगच टोकं पॅडला लागतील. पिना साधारण दोन-तृतीयांश दबल्यावर कनेक्टर थांबावा असा अटकाव ठेवा. तेव्हा दांड्या बोर्डाखाली बाहेर येतात, त्यामुळे खालीही जागा लागेल.

५. तारा जोडा

रिबन केबल १० ते १५ सेंमीच ठेवा आणि क्लॉक व डेटाच्या मध्ये ग्राउंडची तार घ्या. लांब केबलवर क्लॉकचा सिग्नल विद्रूप होतो आणि डीबगरची (संगणक आणि चिप यांना जोडणाऱ्या उपकरणाची) जोडणी मध्येच तुटते.

इथे डावं-उजवं फसवतं. कनेक्टर मागून, तारांच्या बाजूने पाहिला तर रचना बोर्डासारखीच दिसते. टोकांकडून पाहिली तर आरशातल्यासारखी उलटी. फुटप्रिंट खऱ्या मापात कागदावर छापून, त्यावर कनेक्टर टेकवून, एकेक पिन तपासून घ्या.

६. वीज देण्याआधी

मल्टिमीटरने प्रत्येक तार टोकापर्यंत पोहोचते का आणि शेजारच्या दोन पिना चिकटल्या नाहीत ना, हे पाहा. बऱ्याच डीबगरमध्ये व्होल्टेजची पिन फक्त मोजण्यासाठी असते, वीज पुरवण्यासाठी नाही. तशी असेल तर बोर्डाला वेगळा पुरवठा द्या. पहिली जोडणी १०० किलोहर्ट्झवर करा, मग वेग वाढवत न्या. जोडणी अधूनमधून तुटू लागली तर आधी टोकांवर साचलेला फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तरीही तुटत असेल, तर दबल्यावर पूर्ण बाहेर न येणारी पिन शोधून ती बदला.