फुटबॉल पंथात यायचंय? मग इथून सुरुवात करा

फुटबॉल आवडतो म्हणणारे खूप भेटतात पण टीम कुठली विचारलं की म्हणतात "जी चांगलं खेळेल ती", आणि माझ्या मते गाडी तिथेच अडते. असं बघणारा प्रेक्षक झाला, भक्त व्हायचं तर एक क्लब धरायचा आणि धरला की सोडायचा नाही. हा धर्म आहे आमचा, मनापासून सांगतोय, देव आहेत, देवळं आहेत, सणवार आहेत, पोथी आहे, आणि उपास तर भरपूर आहेत.

धर्म म्हणणं कोणाला जास्तच वाटत असेल तर अर्जेंटिनातल्या रोसारियोत बघा, तिथे 30 ऑक्टोबर 1998 ला तिथलाच महान प्लेअर दिएगो मॅराडोना याच्या भक्तांनी चक्क चर्च काढलं. त्यांचा शक 1960 पासून, म्हणजे देवाच्या जन्मापासून सुरू होतो. ईस्टर 22 जूनला, कारण 1986 च्या वर्ल्ड कपमध्ये त्या दिवशी त्याने इंग्लंडला दोन गोल मारले, पहिला हाताने आणि दुसरा अर्ध्या मैदानातून एकेकाला चकवत. दीक्षा घेताना नवा भक्त तसाच हाताने बॉल मारतो. दहा आज्ञा आहेत, त्यातली एक म्हणजे पोराचं नाव दिएगो ठेवायचं. मला हे सगळं फार सुंदर वाटतं, ज्याने एवढा आनंद दिला त्याच्यासाठी माणसं अजून काय करणार.

आता मुद्द्यावर येऊ. क्लब कसा निवडायचा? घरात आधीच कोणी एखाद्या क्लबचं असेल तर विषय संपला, तोच घ्या, एकत्र बघण्यासारखं सुख नाही. तसं नसेल तर दोन-तीन महिने नुसतं बघत रहा, घाई करू नका, आणि ज्या टीमने शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ल्यावर तुमच्या पोटात खड्डा पडला ती तुमची. जिंकल्याचा आनंद कोणाच्याही टीमचा होतो हो, दुखतं ते आपल्याच टीमचं. एक सांगतो, प्लेअर बघून क्लब धरू नका, ट्रान्सफर विंडो, म्हणजे प्लेअर क्लब बदलू शकतात तो काळ, उघडली की तो जातो आणि तुम्ही मधल्यामध्ये लटकता.

मग पोथी. एकूण 17 नियम आहेत, पहिले नियम 1863 मध्ये लंडनला लिहिले गेले आणि 1886 पासून त्यांच्यासाठी वेगळं मंडळ आहे. सगळे पाठ करायची गरज नाही पण 11 वा, म्हणजे ऑफसाइड, नीट समजून घ्याच कारण निम्मी भांडणं त्यावरच होतात. आपला माणूस पास देतो त्या क्षणाला तुम्ही समोरच्याच्या हाफमध्ये, बॉलच्या पुढे आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असलात तर ती ऑफसाइड पोझिशन (गोलकीपरपण माणसातच मोजतात, हे बरेच जण विसरतात). पण नुसतं तिथे उभं असणं गुन्हा नाही, खेळात भाग घेतला तरच झेंडा वर जातो. हात-दंड मोजत नाहीत, आणि थ्रो-इन, गोल किक, कॉर्नर यातून थेट बॉल आला तर ऑफसाइड नसतोच. एवढं पक्कं असलं की रेफरीला शिव्या घालायच्या आधी तुम्ही दोन सेकंद थांबाल, आणि तेवढं थांबायला पाहिजेच.

मॅचच्या दिवशी कामं आधी उरका. टीम तासभर आधी जाहीर होते ती बघा, कोण बाहेर बसलाय कोणाला चान्स मिळालाय, अर्धी मॅच तिथेच कळते. आणि नव्यांनी एक करून बघा, दहा मिनिटं बॉलकडे बघायचंच नाही, आपला एक डिफेंडर धरायचा आणि तो बॉल नसताना काय करतो ते बघायचं, सारखी मान फिरवून मागे बघतोय, हाताने बाजूच्याला पुढे ढकलतोय, ओरडतोय. खेळ त्यानंतर वेगळाच दिसायला लागतो. जर्सी, स्कार्फ, ठरलेली जागा हे ज्याने त्याने आपापलं ठरवावं, मी प्रत्येक मॅचला एकाच खुर्चीत बसतो आणि त्याने मन शांत राहतं.

देवळांचं म्हणाल तर स्पेनमधल्या बिल्बाओचं सान मामेस स्टेडियम, त्याला लोक कॅथीड्रलच म्हणतात. सान मामेस हे एका संताचं नाव, त्याला सिंहांपुढे टाकलं होतं पण सिंहांनी काही केलं नाही अशी कथा आहे, म्हणून तिथल्या अ‍ॅथलेटिक क्लबच्या प्लेअर्सना सिंह म्हणतात. हा क्लब आजही फक्त बास्क भागाशी, म्हणजे बिल्बाओच्या आसपासच्या मुलखाशी, नातं असलेलेच प्लेअर खेळवतो आणि तरी स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून एकदाही खाली गेलेला नाही. पण माझं मन बसलंय ते बर्लिनच्या युनियन क्लबवर. स्टेडियम मोडकळीला आलं, क्लबकडे पैसे नव्हते, तेव्हा 2008-09 मध्ये दोन हजारांहून जास्त भक्तांनी स्वतः फावडी घेऊन, काँक्रीट ओतून ते परत उभं केलं, सुमारे 1 लाख 40 हजार तासांचं श्रमदान. त्याआधी 2003 मध्ये टीम सारखी हरत होती तर ख्रिसमसच्या आदल्या दिवसांत 89 जण गुपचूप बंद स्टेडियममध्ये शिरले आणि मैदानाच्या मध्यावर उभं राहून गाणी म्हटली. आज त्याच कार्यक्रमाला स्टेडियम भरतं.

पापं दोनच सांगतो, बाकीची कळतील. एक, मॅच संपायच्या आधी उठून जाणं. 13 मे 2012 ला मँचेस्टर सिटीला 44 वर्षांनी लीग जिंकायला फक्त एक विजय हवा होता आणि 90 मिनिटं झाली तरी ते 1-2 ने मागे होते, काही जण रडत बाहेर पडले. जेकोने बरोबरी केली आणि 93 मिनिटं 20 सेकंदांना अग्वेरोने गोल मारला. जे बाहेर पडले त्यांनी तो आवाज रस्त्यावरून ऐकला असेल, विचार करूनच मला कसंतरी होतं. दुसरं पाप मोठं आहे, समोरच्यांच्या मेलेल्या माणसांवर गाणी म्हणणं. 15 एप्रिल 1989 ला इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमच्या चेंगराचेंगरीत सापडलेल्या 97 जणांचा जीव गेला, मॅच बघायला गेलेली आपल्यासारखीच माणसं होती ती. डर्बी, म्हणजे शेजारच्या कट्टर क्लबशी मॅच, असो काहीही असो, यावर कोणी चेष्टा करत असेल तर तिथल्या तिथे गप्प करा.

आणि हरायची तयारी ठेवा. आमचा क्लब सीझनच्या शेवटच्या दिवशी रेलिगेट झाला, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेला, तेव्हा शिट्टी वाजली आणि कॅमेरा स्टँडकडे वळला, तिथे एक आजोबा होते. त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढला, सावकाश चार घड्या घातल्या, कोटाच्या खिशात ठेवला. मग तसेच उभे राहिले मैदानाकडे बघत. थोड्या वेळाने खिशातून परत काढला, घड्या मोडल्या आणि गळ्यात घातला. मी तोपर्यंत रडलो नव्हतो.

त्यानंतर उपास सुरू होतो, मॅचच नसतात. जुन्या मॅच बघा, अ‍ॅकॅडमीतून कोण पोरं वर येतायत ते वाचा, ट्रान्सफरच्या अफवांवर मात्र विश्वास ठेवू नका, प्लेअर जर्सी हातात धरून उभा दिसेल तेव्हाच खरं माना. मग एक दिवस नव्या सीझनचं वेळापत्रक येतं. आधी डर्बीची तारीख शोधायची, मग पहिली मॅच घरच्या मैदानावर आहे की बाहेर ते बघायचं, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही काम घ्यायचं नाही.