घरात मराठी, गल्लीत कन्नड: बाळाला बोलतं कसं करायचं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बरेच जण म्हणतात दोन भाषा कानावर पडल्या की पोरगं उशिरा बोलतं, पण तसं काही नसतंय, तुम्ही घरात बिनधास्त मराठी बोला, शेजारच्या अक्का कन्नडात बोलूदेत. आंघोळ घालताना "हा बघ पाय, पाणी गरम हाय काय?" असं विचारायचं आणि ५-१० सेकंद गप्प बसायचं, तोंडाकडं बघत. ते "अं" करतंय, पाय झाडतंय, तेच उत्तर समजून परत बोला. हे थांबणंच सगळ्यात महत्त्वाचं! बोट करून "बॉ" म्हटलं तर "होय, लाल बॉल" म्हणा, चूक काढू नका. मोबाईल बाजूला.

१६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २ वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नाही किंवा हाकेला बघत नाही तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडून कान तपासून घ्या.