कोकणात वहाळाकाठची झाडीची जमीन विकत घेताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जमिनींच्या जाहिरातींत ‘बारमाही वहाळ’ (वर्षभर वाहणारा ओढा) आणि ‘घनदाट झाडी’ हे शब्द हमखास आढळतात आणि गुंठ्याचा भावही त्यांच्यामुळेच चढतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र नेमक्या याच दोन गोष्टींवर खरेदीदाराचा हक्क सर्वांत तोकडा असतो. म्हणून भावाची बोलणी सुरू होण्याआधी पाणी आणि झाडी यांचीच चौकशी करावी.

दिवाळीच्या सुट्टीत जमीन दाखवण्याची रीत विकणाऱ्याच्या सोयीची आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि जांभ्यातून पाणी लवकर निथळून जाते. त्यामुळे नोव्हेंबरात खळाळणारे कितीतरी वहाळ होळीपर्यंत कोरडे पडलेले असतात. ‘बारमाही’ या शब्दाची परीक्षा मे महिन्यातच करावी आणि त्याच वेळी शेजारच्या विहिरींचा तळही पाहून घ्यावा. दुसरी फेरी भर जुलैत मारावी. पूर ओसरल्यावर काठच्या करंज-उंबरांच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा पाणी कुठवर चढले होते ते दाखवतो, आणि घर बांधायचे असल्यास त्या खुणेच्या बरेच वर बांधावे. रस्ता आणि जमीन यांच्यामध्ये वहाळ येत असेल, तर साकव (ओढ्यावरचा लहान पूल) आहे का, तो पावसात टिकतो का आणि त्याच्याकडे जाणारी वाट कोणाच्या मालकीच्या जमिनीतून जाते, हेही तेव्हाच कळते.

वहाळ खरेदीखताने विकत मिळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले यांची पात्रे आणि त्यांतील वाहते पाणी, कोणाचा वेगळा हक्क सिद्ध झालेला नसल्यास, शासनाच्या मालकीचे असते. म्हणून प्रवाह वळवणे किंवा परवानगीवाचून पक्का बंधारा घालणे मालकालाही शक्य नाही. ओढ्याखालचे क्षेत्र सातबाऱ्यावर बहुधा ‘पोटखराब वर्ग ब’ (लागवडीखाली न येणारे क्षेत्र) म्हणून दाखवलेले असते. ते एकूण क्षेत्रातून वजा करून मगच गुंठ्याचा हिशेब करावा. गुरे पाण्यावर नेण्याची किंवा देवळाकडे जाण्याची गावाची जुनी वाट काठावरून जात असेल, तर ती अडवता येईल असे गृहीत धरू नये.

झाडीच्या बाबतीत धोका अधिक मोठा आहे. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातील खाजगी वने शासनाकडे निहित झाली, म्हणजे त्यांची मालकी शासनाकडे गेली. त्यामुळे सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात किंवा जुन्या फेरफारांत (मालकीबदलाच्या नोंदींत) ‘खाजगी वन’, ‘वन विभाग’ किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ ची नोटीस असा उल्लेख दिसताच थांबावे आणि वन विभागाचे लेखी पत्र हाती येईपर्यंत विसारही देऊ नये. ‘तो शेरा नुसता कागदावरचा आहे’ असे दलाल सांगतो, पण तसे असेल तर शेरा कमी करून आणणे हे विकणाऱ्याचे काम आहे. देवराईला लागून जमीन असल्यास देवस्थानाच्या नावाची नोंदही शोधावी.

असा कोणताही शेरा नसला, तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू असतोच. ऐन, किंजळ, साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ ही अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्यामुळे ‘झाडे काढून काजू लावू’ हा बेत आधी वनपालाकडे विचारूनच आखावा. उलट प्रकारही घडतो: मालकाने उभी झाडे लाकडाच्या ठेकेदाराला आधीच विकलेली असतात. मोठ्या झाडांची जातवार मोजणी खरेदीखताच्या परिशिष्टात घालावी आणि त्यांवर कोणाचा करार नाही असे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे.

बाकीची तपासणी कोणत्याही शेतजमिनीसारखीच आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कुळाचे नाव, त्याच कायद्याच्या कलम ४३ चा शेरा (कुळाने मिळवलेल्या जमिनीच्या विक्रीवरील निर्बंध) आणि भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) यांवर वकिलाची नजर फिरलीच पाहिजे. कोकणात खरा वेळ जातो तो हिस्सेदारांत. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात, त्यांतली निम्मी माणसे मुंबईत आणि काही हयात नसलेली, म्हणून वारसनोंदी पूर्ण झाल्याखेरीज आणि सर्वांच्या सह्या किंवा नोंदणीकृत मुखत्यारपत्रे मिळाल्याखेरीज पुढे जाऊ नये. जमिनीच्या मालकीचा किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घेऊन वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी.

भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी विसारापूर्वी, विकणाऱ्याच्या अर्जाने आणि शेजाऱ्यांच्या समक्ष करून घ्यावी. वहाळ पावसागणिक पात्र बदलतो, म्हणून ‘वहाळापर्यंत’ अशी चतुःसीमा दस्तात न लिहिता हद्दीच्या दगडांचा आणि मोजणी नकाशाचा उल्लेख करावा. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्यावर फेरफार प्रमाणित होऊन आपले नाव सातबाऱ्यावर येईपर्यंत गावच्या महसूल कार्यालयाकडे पाठपुरावा करावा, आणि विकणारा तयार असल्यास रकमेचा शेवटचा हप्ता त्या नोंदीशी बांधून ठेवावा.