टाकीची सावली आणि ऑप्टिमायझर

कोथरूडला आमच्या गच्चीवर सहा सोलर पॅनेल बसले ते मे महिन्यात. पाहणीला आलेला मुलगा म्हणाला, "काकू, सावली अजिबात नाही." खरंच नव्हती. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. भर दुपारी कुरडया घालताना माझीच सावली पायाखाली होती. डिसेंबरात मात्र आग्नेयेकडच्या शेजाऱ्यांच्या टाकीची सावली सकाळी एका पॅनेलवर येऊन बसली.

म्हणून आधी खडू घ्या. २२ डिसेंबरच्या मागेपुढे नऊ, बारा, तीनला सावलीची कड गच्चीवर आखा. त्या दिवसांत पुण्यात दुपारचा सूर्यही ४८ अंशांपर्यंतच चढतो. सावली पॅनेलच्या जागेत येतच नसेल तर ऑप्टिमायझरवर, म्हणजे सावलीतल्या पॅनेलची वीज वाचवणाऱ्या छोट्या डब्यावर, पैसे घालू नका.

येत असेल तर हिशोब असा. पॅनेल एकापुढे एक माळेसारखे जोडलेले असतात, आणि माळेतल्या सगळ्या पॅनेलमधून एकच करंट वाहतो. समजा प्रत्येक पॅनेल ४० व्होल्ट, १३ अँपिअर देतंय, म्हणजे ५२० वॅट. एकावर प्रकाश निम्मा झाला की ते साडेसहा अँपिअरच देऊ शकतं. मग इन्व्हर्टरपुढे (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) दोनच वाटा: सगळी माळ साडेसहावर आणायची, नाहीतर बायपास डायोडमधून (पॅनेलला वळसा घालून करंट पुढे नेणारी वाट) त्या पॅनेलला वगळून पाचांवर चालायचं. "एकावर सावली पडली की सगळं बंद" असं विकणारे सांगतात ते याच डायोडमुळे पुरतं खरं नाही. पण वगळलेल्या पॅनेलचे २६० वॅट जातात, ते जातातच.

ऑप्टिमायझर पॅनेलमागे बसतो आणि त्या पॅनेलपुरती जास्तीत जास्त वीज देणारी व्होल्ट-अँपिअरची जोडी शोधतो. ४० व्होल्ट, साडेसहा अँपिअर आत घेतो आणि २० व्होल्ट, १३ अँपिअर बाहेर देतो. माळेचा करंट तसाच राहतो आणि ते २६० वॅटही हाती लागतात (थोडी वीज तो स्वतः खातो). नसलेलं ऊन मात्र तो आणू शकत नाही.

घेताना एवढं विचारा: फक्त सावलीतल्या पॅनेलला चालेल का? टायगो कंपनीचे तसे लावता येतात. सोलरएज कंपनीचे घेतले तर प्रत्येक पॅनेलला एक लागतो, इन्व्हर्टरही त्यांचाच. आमचा जुना इन्व्हर्टर ठेवायचा होता, म्हणून टायगोचा मार्ग धरला.

बसवताना प्रत्येक ऑप्टिमायझरचा सीरियल नंबर पॅनेल खाली टेकवण्याआधी लिहून घ्या. नंतर तो वाचायला पॅनेल उचलावं लागतं. माझा नंबर दुधाच्या हिशोबाच्या वहीत, शेवटच्या पानावर आहे.