ट्रेलर ओढायचं सामान कधी बदलायचं?

सामान किती जुनं झालं, हा प्रश्न नंतरचा. कुठला भाग तुटला तर ट्रेलर गाडीपासून सुटेल, हे आधी पाहा. हिच (गाडीच्या मागे बसवलेली ओढायची चौकट), बॉल (हिचवरचा लोखंडी गोळा), कपलर (ट्रेलरच्या टोकाचा, बॉलवर बसून लॉक होणारा भाग) आणि सेफ्टी चेन (जोडणी सुटली तरी ट्रेलर धरून ठेवणारी साखळी) यांची डागडुजी करायची नाही, बदलायचे. इतर बऱ्याच गोष्टी दुरुस्तीवर निभावतात.

ट्रेलर रिकामा करून सपाट जागी उभा करा, चाकांना ठोकळे लावा आणि जुनं ग्रीस पुसून काढा. ग्रीसखाली काहीच दिसत नाही. मग टॉर्चचा उजेड तिरपा पाडून वेल्डिंगच्या कडा बघा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघून खाली सलग लोखंड दिसलं, तर रंग देऊन भागेल. खड्डे पडले असतील, पापुद्रे सुटत असतील, तर तो भाग गेला. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून ओघळलेला गंज दिसला, तर तो तडा समजा. त्यावर वेल्डिंग मारून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं लोखंड कमजोर होऊ शकतं आणि पुढचा तडा तिथेच जातो. वाकलेली हिच ठोकून सरळ करणंही तितकंच धोक्याचं.

आता बॉल व्हर्निअर कॅलिपरने मोजा. 50 मिमीचा बॉल कुठेही 49 मिमीपेक्षा कमी भरला, तर बदला. ओढ पुढे-मागे बसते, म्हणून त्या दिशेने जरूर मोजा. नंतर कपलर बॉलवर लॉक करून वर उचलून हलवा. बॉल नवा, जुळवणी नीट, तरी खडखड होत असेल, तर कपलर झिजलाय.

चेनच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे बारीक झाल्या असतील किंवा लांबट झाल्या असतील, तर पूर्ण चेन बदला. ब्रेकअवे केबलची (ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक लावणारी केबल) एक तार जरी सुटली असेल, तरी नवीन घ्या.

टायर मात्र फसवतात. ट्रेलर बराच काळ उभाच असतो, त्यामुळे नक्षी नव्यासारखी राहते आणि रबर उन्हाने वाळत जातं. साइडवॉलवरचे (टायरच्या बाजूवरचे) चार आकडे वाचा: 3519 म्हणजे 2019 सालचा 35वा आठवडा. साधारण 5-6 वर्षं झाली किंवा बाजूला भेगा दिसल्या, की नक्षीकडे न बघता बदला.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, मग फिरवा. नुसती ढिलाई असेल तर बेअरिंग जुळवून नवं ग्रीस भरा. घरघर येत असेल तर बेअरिंग बदला. प्लगच्या पिना हिरव्या पडल्या असतील, तर आधी प्लग आणि अर्थिंग बघा. सगळं वायरिंग उपटायची गरज सहसा नसते.

पैसे एकदम जमत नसतील, तर जोडणीचे भाग आणि टायर आधी घ्या, आणि ते बसेपर्यंत ट्रेलर जोडू नका. नवा बॉल टॉर्क पान्ह्याने (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पान्हा), कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळा आणि पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा.